मधल्या सुट्टीतल्या मुली

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा चकलीचा सोऱ्या धुऊन फळीवर गेलेला असेल, डबे भरलेले असतील, आणि घरातल्या कोणाच्या तरी मनात तो दरवर्षीचा विचार येऊन गेलेला असेल : यंदा थोडे फराळाचे आश्रमातल्या मुलांना नेऊन द्यावे. विचार चांगला आहे. त्याच्याशी माझे काही भांडण नाही. माझे भांडण आहे ते पुढे आश्रमाच्या अंगणात जे घडते त्याच्याशी.

काय घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मुले ओळीने उभी केली जातात, लहान पुढे, मोठी मागे. पाहुणे पुड्याचा अर्धा भाग आपल्या हातात ठेवतात, अर्धा मुलाच्या हातात देतात, आणि दोघेही तिसरीकडेच, फोटो काढणाऱ्याकडे पाहतात. "अजून एक," असे तो म्हणतो. मुलाचा हात तसाच पुढे राहतो. एकदा तर फोटो हलला म्हणून दिलेला पुडा परत घेऊन पुन्हा दिलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिला आहे. दिलेला लाडू परत घेऊन पुन्हा द्यायचा, ह्याला दान म्हणावे की नाटकाची तालीम? पूर्वी हा फोटो फार तर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर येई. आता तो पाहुण्यांची मोटार आश्रमाच्या फाटकाबाहेर पडायच्या आत शंभर मोबाईलवर पोचलेला असतो, आणि त्याखाली शंभर जोडलेले हात येतात.

दुसऱ्याकडे बोट दाखवून मी हे लिहितो आहे असे कोणी समजू नये. बारा वर्षांपूर्वी मीही हेच केले. मी तेव्हा ज्या शाळेत होतो तिथल्या नववीच्या मुलांना घेऊन जिल्ह्यातल्याच एका संस्थेत गेलो. लाडू मुलांच्या आयांनी केलेले, कल्पना माझी, फोटोची कल्पनाही माझीच. फोटो छापून आला. ते कात्रण मी शाळेच्या काचेच्या फलकात स्वतःच्या हाताने टाचले, आणि येताजाता पाहून प्रसन्न होत राहिलो.

पुढच्या जूनमध्ये त्या संस्थेतल्या तीन मुली आमच्या शाळेत आठवीला आल्या. त्यांतली एक त्या फोटोत होती. पहिली ओळ, डावीकडून दुसरी, हात पुढे केलेली. आठवड्याच्या आत तिला वर्गात नाव पडले : लाडूवाली. मला ह्याचा पत्ताही नव्हता. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्या फलकातल्या फोटोत मी आहे. तो कधी काढणार?"

मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "अगं, छान आलाय की फोटो!"

ती काही बोलली नाही. रडलीही नाही. नुसती उभी राहिली. तिच्या त्या उभे राहण्याने माझ्या डोक्यात उशिरा का होईना प्रकाश पडला, आणि दुसऱ्या दिवशी मी कात्रण काढले. पण नाव काही टाचणीने लावलेले नव्हते, ते निघाले नाही. दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत ती लाडूवालीच राहिली. तिने स्वतः तो लाडू खाल्ला होता की नाही, कोणास ठाऊक.

ह्या गोष्टीनंतर काही वर्षांनी माझ्या एका चित्रकला-शिक्षक मित्राने मला एका चित्राची छापील प्रत दाखवली. माझे चित्रकलेचे ज्ञान बेताचेच. रविवर्म्याची लक्ष्मी आणि दलालांची मुखपृष्ठे ह्यांच्या पलीकडे माझी दृष्टी सहसा गेलेली नाही. पण ह्या चित्रापुढून मला उठवेना.

चित्रकार जर्मन, बर्लिनचा, माक्स लीबरमान. जन्म १८४७ चा. चित्र १८८१-८२ सालातले आणि स्थळ ॲमस्टरडॅम शहराचे अनाथालय. चित्राच्या नावाचा मराठीत चोख अर्थ करायचा तर आपल्याकडे एकच शब्द आहे : मधली सुट्टी. अनाथालयातली मधली सुट्टी. रुंदी साडेतीन फूट, उंची अडीच फुटांहून थोडी अधिक. आज ते फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आहे. ज्याला आपण दृक्प्रत्ययवाद म्हणतो त्या पंथाच्या जर्मनीतल्या धुरीणांत ह्या चित्रकाराची गणना होते.

चित्रात एक लांब अंगण आहे, इमारतीची भिंत आहे, झाडे आहेत. पानांतून गळलेल्या उन्हाचे कवडसे जमिनीवर, भिंतीवर, मुलींच्या अंगावर पडले आहेत. हे उन्हाचे ठिपके हीच पुढे लीबरमानची ओळख होऊन बसली. मुलींच्या अंगावर लाल आणि काळ्या रंगाचा झगा, डोक्याला पांढरी टोपी, पुढे पांढरे आवरण. लाल आणि काळा हे ॲमस्टरडॅमच्या नगरचिन्हाचे रंग. म्हणजे ही मुले नगराची आहेत हे लांबून कळावे अशी व्यवस्था. मुलींपैकी कोणी हातातल्या शिवणात गुंतली आहे, कोणी घोळक्यात गप्पा मारते आहे, कोणी धावते आहे. बस्स. चित्रात एवढेच घडते.

आता काय घडत नाही ते पाहा. लाडू नाही. पाहुणा नाही. ओळ नाही. हात पुढे केलेली मुलगी नाही. आणि मला सगळ्यांत मोठे वाटते ते हे की आपल्याकडे डोळे लावून, आपल्या खिशाकडे पाहणारे असे कोणी त्या चित्रात नाही. आपण चित्रासमोर उभे राहतो आणि त्या मुलींना आपली काडीइतकी गरज नसते. त्यांची सुट्टी संपायची आहे आणि तेवढ्यात त्यांना खूप काही करायचे आहे. आईबाप नसलेल्या मुलीला दिवसाचे चोवीस तास आईबाप नसण्याचेच काम नसते, ही साधी गोष्ट त्या माणसाने रंगांत सांगून ठेवली आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही फसलात. त्या चित्रकाराने तरी काय वेगळे केले? त्यानेही अनाथ मुलींचे चित्र काढून ते लोकांपुढे मांडलेच की. आणि त्या काळचे अनाथालय म्हणजे काही माहेर नव्हे. शिस्त होती, शिवणकाम होते, पुढे कोणाच्या तरी घरची चाकरी होती, ते सारे ह्या उन्हात विरघळून गेले आहे. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो निम्मा खरा आहे. अंगणातले ऊन म्हणजे अंगणातला न्याय नव्हे. पण निम्मा खोटाही आहे. लीबरमान तिथे लाडू घेऊन एका दुपारी गेला नव्हता. १८७६ पासून तो त्या अनाथालयात अभ्यासचित्रे करीत होता, आणि हे चित्र पुरे झाले ते त्यानंतर पाचसहा वर्षांनी. इतकी वर्षे पाहिल्यावर माणसाला समोरच्याचा झगा दिसेनासा होतो आणि माणूस दिसू लागतो. आम्ही अर्ध्या तासात परत फिरतो. आम्हाला झगाच दिसणार.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. हा लीबरमान ज्यू होता. प्रशियाच्या कला अकादमीचे अध्यक्षपद त्याने १९२० पासून बारा वर्षे भूषवले. १९३३ मध्ये नाझींचे राज्य आल्यावर त्याने अकादमी सोडली आणि १९३५ मध्ये तो वारला. त्याची विधवा मार्था म्हातारपणी अंथरुणाला खिळली असताना तिला छळछावणीत नेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा १९४३ मध्ये तिने विष घेतले. माणसाच्या अंगावर एक खूण लावायची आणि मग त्या खुणेपलीकडचे काहीच पाहायचे नाही, ही सवय शेवटी कुठवर जाते ते त्या घराने पाहिले. ही तुलना मी ताणणार नाही. पुडा वाटणारे सद्गृहस्थ म्हणजे कोणी नाझी नव्हेत. पण खूण ती खूणच.

आता परदेशातून घरी येऊ. माझ्या खुटबावहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पुढचेच स्टेशन केडगाव. दोन्ही बाजूंना ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा गोड धूर, आणि स्टेशनाजवळ पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. आमच्या भागातली माणसे रोज त्यावरून ये-जा करतात आणि त्यांतली निम्मी तरी तिथे काय घडले हे सांगू शकणार नाहीत. (वर सांगितलेली लाडवांची गोष्ट तिथली नव्हे, हे आधीच स्पष्ट करून ठेवतो.)

रमाबाई स्वतः पोरक्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. विशी गाठायच्या आत ह्या मुलीने तीन मरणे पाहिली. म्हणून १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या घरी बसू शकल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. पुण्यात त्यांचे शारदा सदन होते, पण प्लेगाचे दिवस. नव्या माणसांची भर घालायला सरकारी मनाई झाली, तेव्हा ह्या सगळ्यांना केडगावच्या माळावर हलवले. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते, ती मुदत संपत आली होती. पुढे संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी ती जमीन फळबागेसाठी घेऊन ठेवलेली होती. फळांच्या आधी माणसेच आली. १९०० च्या दुष्काळानंतर ही वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, माग चालू झाले, छापखाना उभा राहिला. दुष्काळात पाला खाऊन जगलेल्या मुली खिळे जुळवू लागल्या, छपाई करू लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर ह्याच छापखान्यात छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते बाहेर पडले.

आणि ह्या मुलींची चित्रे कोणती राहिली? त्या काळच्या मिशनच्या पुस्तकांतून दुष्काळातल्या मुलींची छायाचित्रे असत : बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. शेजारी त्याच मुली काही महिन्यांनी, स्वच्छ कपड्यांत. आधी आणि नंतर. इथे मला थांबून विचार करावा लागतो, कारण त्या छायाचित्रांनी धान्य आणले हे खरे आहे. हजारो मैलांवरच्या माणसाला दुष्काळ दाखवायचा तर दुसरा उपाय नव्हता, आणि ज्वारीच्या दाण्यापुढे माझ्या तात्त्विक संकोचाला किंमत नाही. ते मी दोष म्हणून मांडत नाही. माझा प्रश्न असा आहे की दुष्काळ सरल्यावर तरी आम्ही दुसरे चित्र का काढले नाही? खिळे जुळवता जुळवता शेजारणीला हळूच चिमटा काढणाऱ्या मुलीचे चित्र?

ह्याचे उत्तर मला असे वाटते : तिच्याशी आम्हाला कर्तव्यच नव्हते. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींवरून पुण्यात केवढे रण माजले! रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, 'केसरी'ने झोड उठवली. त्या वादाच्या दोन्ही बाजू मी जमेल तेवढ्या वाचल्या आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. परंतु एका बाजूने मुली मोजल्या त्या मिळालेले आत्मे म्हणून, दुसरीने मोजल्या त्या बुडालेला धर्म म्हणून. दुपारी चार वाजता त्या मुली काय खेळतात हे विचारायला ना इकडून कोणी गेले, ना तिकडून.

हे आमचे जुनेच आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी पुढे दत्तक घेऊन डॉक्टर केले. त्यांनी त्याचा आश्रित केला नाही, मुलगा केला. पण फुले दांपत्याचे चित्र काढताना आम्ही शाळा काढतो, शेणगोळे काढतो. घरात आईवडिलांपाशी हट्ट करणारा यशवंत मला कुठल्याच भिंतीवर भेटलेला नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये मंडळी स्थापन केली तिचे नाव 'अनाथ बालिकाश्रम'. पुढे त्या संस्थेने नावातून 'अनाथ' काढून टाकले. आज ती महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था आहे. संस्थेला जो शब्द अंगावरून उतरवावासा वाटला तो आम्ही मात्र पोरांच्या अंगावर दर दिवाळीला नव्याने शिवतो.

आणि चित्रे आम्हाला काढता येत नाहीत असेही नाही. हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला हातात निरांजन देऊन उभे केले आणि जलरंगात जे चित्र केले, ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात पाहायला लोक आजही रांग लावतात. (ते रविवर्म्याचे आहे असे ठणकावून सांगणारे विद्वानही त्याच रांगेत भेटतात.) दिव्यावर आडवा धरलेला हात, बोटांतून झिरपणारा प्रकाश. आपल्या घरातली मुलगी असली म्हणजे आमच्या हाताला ही माया बरोबर सापडते. दुसऱ्याच्या, किंवा कोणाच्याच नसलेल्या, मुलीकडे वळलो की हातात कुंचला राहत नाही, पुडा येतो.

आता माझ्या धंद्याकडे येतो, म्हणजे कादंबरीकडे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी एक अनाथ मुलगी घातली आहे. ती चौथ्या पानावर रडते, एकोणिसाव्या पानावर उपाशी झोपते आणि शेवटी एका सज्जन कुटुंबात तिला आसरा मिळतो. वाचकांची पत्रे आली : "डोळ्यांना पाणी आले." मी ती पत्रे जपून ठेवली. मागे ती कादंबरी पुन्हा चाळली तेव्हा लक्षात आले की दोनशे पानांत ती मुलगी एकदाही खेळत नाही, एकदाही खोटे बोलत नाही, कोणाचा राग करीत नाही, तिला गणित येते की नाही हेसुद्धा मी सांगितलेले नाही. ती मुलगी नव्हतीच, वाचकांच्या डोळ्यांतले पाणी काढायचा तो माझा रहाट होता. फोटो काढणारा निदान "अजून एक" म्हणून थांबतो. आम्ही लेखक आवृत्त्या काढतो.

फोटो नसला तर लोक देणारच नाहीत, असे संस्थाचालक मला सांगतात. बिचाऱ्यांना रोज शंभर पानांची चिंता असते, तेव्हा त्यांच्यावर मी रागावत नाही. पण देणाऱ्यांना विचारतो : फोटो काढायचाच असेल तर कोठीतल्या गव्हाच्या पोत्याचा काढा, पावतीचा काढा, नव्या मोटारपंपाचा काढा. पोते लाजत नाही. पोराचा चेहरा कशाला हवा? आणि ही केवळ माझी भावना नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा मजकूर वा चित्र छापायला बंदी घातली आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असे असताना दिवाळीच्या चार दिवसांत किती चेहरे फिरतात ते आपापल्या मोबाईलमध्येच पाहावे.

शिवाय सगळे येतात ते दिवाळीतच. एका संस्थेच्या बाई मला म्हणाल्या, "वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत नऊ मंडळ्या येऊन गेल्या. पोरांची पोटे बिघडली. जूनमध्ये मात्र वह्यांना पैसे नव्हते." जूनमध्ये कोणाला धर्म सुचत नाही, कारण जूनमध्ये नवे कपडे अंगावर नसतात. चष्म्याचा नंबर वाढलेल्या मुलीसाठी, दाढ किडलेल्या मुलासाठी, बारावीच्या परीक्षा-शुल्कासाठी मंडळी येत नाहीत. अठरा वर्षे पुरी झाली की मुलाला संस्था सोडावी लागते. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, पण कायद्यातली सोय आणि पुण्यात भाड्याची खोली ह्यांत बरेच अंतर असते. त्या अठराव्या वाढदिवसाला किती जण पुडा घेऊन फाटकाशी उभे राहतात? तेव्हा तर लाडवापेक्षा भाडेकराराला जामीन राहणारा कोणी काका हवा असतो. फोटोत तो तितकासा चांगला दिसत नाही.

गेल्या जुलैपासून मी महिन्यातून दोन शनिवार एका संस्थेत दहावीच्या मुलींचे गणित घ्यायला जातो. फार मोठे काम करतो असे नाही. भूमिती माझीही कच्चीच आहे. परवा जरा लवकर पोचलो. मधली सुट्टी होती. चिंचेखाली सावली आणि ऊन असे तुकडे तुकडे पडले होते. एक मुलगी पायरीवर बसून सदऱ्याला गुंडी लावीत होती आणि दोरा दातांनी तोडत होती. दोघी एकमेकींच्या कानात काहीतरी सांगून लोळायच्या बाकी होत्या. चारपाच जणींचा लंगडीचा डाव रंगात आला होता आणि आउट झालेली एक मी आउट नाही म्हणून गळा काढून भांडत होती. मी झाडाच्या बुंध्याशी बसलो. कोणी नमस्कार केला नाही, कोणी ओळीत उभे राहिले नाही. चित्र आठवून मला फार बरे वाटले, आणि मी जरा ऐसपैस होऊन पाहू लागलो.

एवढ्यात दहाएक वर्षांची एक पोरगी कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे आली.

"ओ काका, बाजूला सरका की! रेघेवर बसलाय तुम्ही."

मी सरकलो.